हळदीची वेबसाइट सुरू करण्याआधी

समुद्रपूर तालुक्यातल्या आमच्या महिला बचत गटाची वेबसाइट यंदाच्या हळदीच्या हंगामात सुरू झाली. साइट बनवून देणारा मुलगा नागपूरचा. दिसायला त्यानं ती छानच केली. पण गुगलवर शोधणाऱ्याला ती सापडावी म्हणून जी तयारी लागते, ती बरीचशी आम्हाला गावात बसून करावी लागली. गटात कॉम्प्युटर शिकलेली मीच, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. साइट सुरू झाल्यावर बघू, असं पुष्कळांनी सांगितलं. ते मला पटलं नाही आणि आजही पटत नाही. गुगलनं एखादं पान एकदा चुकीचं वाचलं, की ते दुरुस्त करून घ्यायला सुरुवातीला लागते त्याहून कितीतरी जास्त खटपट पडते.

काम हाती घेतलं तेव्हा वाटलं होतं, सगळं कोडिंगचंच असेल. प्रत्यक्षात निम्म्याहून जास्त काम मजकुराचं निघालं.

गटाची सगळी माहिती एका माहितीपत्रकात होती. तालुक्याच्या प्रेसमध्ये टाइप केलेलं, कृतीदेव फॉन्टमधलं. आपल्याकडे टायपिंगच्या दुकानांत अजूनही बरंचसं कृतीदेव किंवा श्रीलिपीच चालतं. नागपूरच्या मुलाला ती फाइल पाठवली, त्यानं मजकूर उचलून साइटवर टाकला आणि सोबत तो फॉन्टही जोडला. त्यामुळे स्क्रीनवर मराठी व्यवस्थित दिसत होतं. पण ती अक्षरं मुळात मराठी नसतातच. कृतीदेवमधला ‘हळद’ म्हणजे इंग्रजीतला छोटा जी, मग मोठा जी, मग छोटा एन. फॉन्ट फक्त त्यांना देवनागरीचं रूप देतो. गुगलला दिसतात ती ही तीन इंग्रजी अक्षरं. म्हणजे सगळं पान हळदीवर लिहिलेलं आणि त्यात हळद हा शब्द एकदाही नाही! हे ओळखायची सोपी खूण आहे: साइटवरचं एक वाक्य कॉपी करा आणि व्हॉट्सॲपवर पेस्ट करून बघा. तिथं मराठी उमटलं तर ते युनिकोड, म्हणजे खरी देवनागरी अक्षरं. इंग्रजी अक्षरांचा कचरा उमटला, तर तो मजकूर सर्च इंजिनच्या काहीच कामाचा नाही.

रूपांतर करून देणारी साधनं फुकट मिळतात, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबता येत नाही. आमच्या मजकुरात ‘शेतकऱ्यांची’चं ‘शेतकर्यांची’ झालं होतं, रफार उडून ‘य’वर जाऊन बसलेला. ऱ्हस्व वेलांट्या शेजारच्या अक्षराला चिकटल्या होत्या. गटातल्या दोघी जणी शाळेत मराठी चांगलं असलेल्या. त्यांना सोबत घेतलं आणि ओळ अन् ओळ वाचून काढली. पाकिटाच्या लेबलावरची सगळी माहितीही आधी नुसता फोटो म्हणून टाकली होती. वजन, बनवण्याची पद्धत, एफएसएसएआय परवाना क्रमांक, सगळं त्या चित्रात. ते खाली अक्षरांत लिहून काढलं आणि चित्राला पर्यायी मजकूर (चित्रात काय आहे ते सांगणारी ओळ) दिला.

दुसरी भानगड चाचणीच्या प्रतीची. साइट तयार होत असताना तिची एक प्रत आमच्याच डोमेनच्या, म्हणजे साइटच्या नावाच्या, सबडोमेनवर (त्याच नावाखाली काढलेल्या वेगळ्या पत्त्यावर) उघडी होती, आम्हाला बघता यावी म्हणून. एक दिवस नागपूरच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला, तुमची हळद एक रुपयाला कशी काय? गुगलनं ती प्रत शोधून निकालांत दाखवायला सुरुवात केली होती. त्यात नमुन्याचा मजकूर होता आणि दराच्या जागी नुसता एक.

आमच्या अध्यक्ष काकू म्हणाल्या, “काहून वं, दुकान उघडाच्या आंधीच लोकं भाव इचारून राह्यले?”

त्या मुलानं दोन उपाय एकदम करून ठेवले होते: पानांवर नोइंडेक्सचा टॅग, म्हणजे हे पान निकालांत दाखवू नका अशी खूण, आणि रोबोट्स डॉट टीएक्सटी फाइलमध्ये सगळ्या साइटला बंदी. ऐकायला दुहेरी कुलूप वाटतं. पण हे दोन उपाय एकमेकांना मारक आहेत, आणि तयारीतली ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. रोबोट्स फाइल ही ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावलेल्या सूचनेसारखी असते. ‘इकडे येऊ नका’ एवढंच ती सांगते आणि सभ्य पाहुणे ते पाळतात. 1994 पासून हा संकेत चालत आलाय, 2022 मध्ये आरएफसी 9309 या इंटरनेटच्या दस्तऐवजानं त्याचं लिखित मानक झालं. पण ती फक्त पान वाचायला मनाई करते. निकालांत दाखवायला मनाई करत नाही. दुसरीकडून दुवा मिळाला, तर गुगल पान न वाचताही त्याचा पत्ता निकालांत ठेवू शकतं. आणि पान वाचायचीच मनाई असेल, तर त्यावर लिहिलेलं नोइंडेक्स त्याला दिसणार कसं? आमच्याकडे नेमकं तेच चाललं होतं. पानं आधी वाचली गेली, बंदी नंतर लागली, आणि मधल्या अवस्थेतली माहिती निकालांत तशीच राहिली.

मग बंदी काढली, नोइंडेक्स तसंच ठेवलं आणि सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या गुगलच्या फुकट साधनात, रिमूव्हल्स या भागातून तो पत्ता दिसेनासा करण्याची विनंती टाकली. ती विनंती तात्पुरती असते, साधारण सहा महिन्यांपुरती. पण तेवढ्यात नोइंडेक्स वाचून घ्यायला गुगलला पुरेसा वेळ मिळतो. निकाल साफ झाले तसा त्या प्रतीला पासवर्ड लावला. पासवर्ड खरं तर पहिल्या दिवसापासूनच हवा. कोणी नवीन साइट बनवून घेत असेल, तर माझं कळकळीचं सांगणं आहे, बनवणाऱ्याला हा प्रश्न पहिल्या भेटीतच विचारा: चाचणीची प्रत कुठं ठेवणार आणि तिला पासवर्ड आहे का?

हे सगळं जमलं, कारण डोमेन आमचंच आहे हे आम्ही सर्च कन्सोलमध्ये साइट सुरू व्हायच्या आधीच सिद्ध करून ठेवलं होतं. त्यासाठी डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे ते नाव कुठं जोडलंय याच्या नोंदींमध्ये, टीएक्सटी नावाची एक मजकुराची नोंद टाकावी लागते. तसं केलं, की सगळे सबडोमेन आणि डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असलेला-नसलेला पत्ता, सगळं एकाच खात्यात दिसतं. डोमेन मात्र गटाच्या नावावर आणि गटाच्या ईमेलवर हवं. बनवणाऱ्याच्या नावावर राहिलं, तर पुढं प्रत्येक गोष्टीसाठी त्याच्या मागं फिरणं आलं.

पानं कोणकोणती असावीत हे ठरवायला आम्ही ऑर्डरची वही आणि व्हॉट्सॲपवरचे जुने मेसेज काढून बसलो. लोक काय विचारतात ते तिथंच होतं. वायगावची आणि सेलमची हळद यात फरक काय? रंग घातलाय का? हळकुंड मिळतील का, की दळलेलीच? लोणच्याला कोणती चांगली? किलोमागे पोस्टाचा खर्च किती? याच प्रश्नांवर पानं ठरली. हळद काढल्यापासून शिजवणं, वाळवणं, पॉलिश, दळण अशी सगळी प्रक्रिया काकूंनी बोलून सांगितली आणि मी लिहून घेतली. हळकुंड वाळलं की नाही हे त्या मोडून, आवाजावरून सांगतात. तेही लिहिलं. दुसऱ्या साइटवरून उचललेल्या मजकुरात हे कुठून येणार?

गावाच्या नावाचाही प्रश्न होता. वर्धा जिल्ह्यात दोन वायगाव आहेत. हळदीचं वायगाव ते समुद्रपूर तालुक्यातलं वायगाव हळद्या. दुसरं वर्ध्याजवळचं वायगाव निपाणी. नुसतं ‘वायगाव, जि. वर्धा’ लिहिलं, तर माणसाचाही गोंधळ होतो आणि नकाशाचाही. म्हणून प्रत्येक पानावर तालुक्यासकट पूर्ण पत्ता लिहिला, आणि गुगलच्या व्यवसाय प्रोफाइलमध्ये नकाशावरची खूण स्वतः जाऊन बरोबर जागी लावली. जाम गावच्या चौकातून गाडी कशी वळवायची तेही संपर्काच्या पानावर टाकलं. येणारे लोक फोनवर तेच विचारतात.

वायगाव हळदीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण ते साइटवर मिरवण्याआधी एक गोष्ट तपासावी लागते. 1999 च्या कायद्यानुसार ते चिन्ह वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी असावी लागते, आणि ती चेन्नईच्या रजिस्ट्रीकडे होते. आमच्या ज्या शेतकरी बायांची नोंदणी आहे, त्यांच्याच हळदीच्या पानावर आम्ही ते चिन्ह ठेवलं. कर्क्युमिनचं, म्हणजे हळदीला पिवळा रंग देणाऱ्या घटकाचं, प्रमाण लिहायचं तर प्रयोगशाळेचा अहवाल हाती असेल तेवढंच. हळदीनं अमुक आजार बरा होतो, असं एकही वाक्य टाकलं नाही. आग्रह पुष्कळ झाला, पण खाण्याच्या वस्तूवर असं लिहिणं कायद्यात बसत नाही आणि मनालाही पटत नाही.

पानांच्या पत्त्यांवर बरीच चर्चा झाली. देवनागरी पत्ता गुगलला चालतो, अडचण दुसरीकडे आहे. तो कॉपी केला, की बऱ्याचदा टक्क्याच्या चिन्हांची लांबलचक माळ होते, कारण देवनागरीतलं एकेक चिन्ह, मात्रासुद्धा, तिथं नऊ अक्षरं खातं. आमची साइट ज्यावर बनली ते वर्डप्रेस पत्त्यातल्या पानाच्या नावाला 200 अक्षरांची मर्यादा घालतं. ‘वायगावची-हळद-कशी-तयार-होते’ हे नाव दिलं, तर मधल्या रेघा धरून हिशेब 202 वर जातो आणि शेवटची मात्रा गळून ‘होत’ उरतं. आमचा निम्मा व्यवहार व्हॉट्सॲपवरचा, म्हणून रोमन लिपीतले छोटे पत्ते घेतले. शीर्षक आणि मजकूर मराठीतच ठेवला आणि पानाची भाषा कोडमध्ये मराठी म्हणून नोंदवली. हिंदी पानं वेगळी लिहिली, मशीनकडून भाषांतर करून टाकली नाहीत, आणि मराठी-हिंदी जोड्या एकमेकींना एचरेफलँगनं, म्हणजे हेच पान दुसऱ्या भाषेत कुठं आहे ते गुगलला सांगणाऱ्या खुणेनं, दोन्ही बाजूंनी जोडल्या. एकाच बाजूनं जोडलं, तर ती खूण धरली जात नाही.

शीर्षकात आधी वस्तू, मग वजन, मग गाव. कीवर्डचा मेटा टॅग, म्हणजे कोडमध्ये लपलेली शोधशब्दांची यादी, भरायचा का, असं तो मुलगा विचारत होता. गुगलनं 2009 मध्येच जाहीर केलंय, की क्रम लावताना तो बघितला जात नाही. त्यात वेळ घालवला नाही. फोटो मात्र सगळे पुन्हा केले, कारण मोबाइलमधून आलेला एकेक फोटो कित्येक एमबीचा होता. ते वेबपी या हलक्या फोटो-प्रकारात लहान केले आणि तपासायला नागपूरच्या वायफायवर न बसता आमच्या वावरात, जिथं नेटवर्कची एखादीच काडी येते, तिथं साइट उघडून बघितली. पानातला मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा, असा गुगलचा निकष आहे. शिवाय गुगल आता पानाचं मोबाइलवरचं रूपच मुख्य धरतं, त्यामुळे कॉम्प्युटरवर दिसणारा जो तक्ता मोबाइलवर लपवला होता, तो मोबाइलवरही दाखवला.

याच काळात ‘पहिल्या पानावर हमखास आणून देतो’ म्हणणाऱ्यांचे फोन सुरू झाले. गुगल स्वतः सांगतं, की पहिल्या क्रमांकाची हमी कोणीच देऊ शकत नाही. बचत गटाचे पैसे म्हणजे बायांनी महिन्याला थोडे थोडे टाकून जमवलेले. ते अशा हमीवर घालवू नयेत, असं मी बैठकीत स्पष्ट सांगितलं आणि सगळ्यांनी ते मानलं.

सुरू करण्याच्या दिवशी कामं थोडीच होती. वर्डप्रेसच्या वाचन सेटिंगमधली, सर्च इंजिनांना परावृत्त करणारी टिकची खूण काढली. ही खूण राहिली, तर बाकी सगळी मेहनत वाया, म्हणून ती दोघांनी वेगवेगळी तपासली. सगळे पत्ते एकाच एचटीटीपीएस पत्त्यावर 301 नं, म्हणजे पत्ता कायमचा बदलल्याच्या खुणेनं, वळवले. गटाचं आधीचं एक छोटं पान होतं, तेही त्या जागच्या नवीन पानावर वळवलं, नुसतं मुख्य पानावर नाही. साइटमॅप, म्हणजे साइटवरच्या पानांची सर्च इंजिनसाठीची यादी, वर्डप्रेस 5.5 पासून आपोआप बनतो. तो उघडून त्यात नको असलेली पानं नाहीत ना ते बघितलं आणि सर्च कन्सोलमध्ये दिला. बिंगच्या वेबमास्टर टूल्समध्ये तीच माहिती आयात करता येते, तेही करून टाकलं.

काही पानं गुगलच्या निकालांत लवकर आली, काही बरेच दिवस ‘सापडलं, पण इंडेक्स केलेलं नाही’ याच रांगेत होती. तिथं रोज विनंत्या टाकत बसण्यात अर्थ नसतो. त्याऐवजी मुख्य पानावरून आणि प्रक्रियेच्या पानावरून त्यांना दुवे दिले. त्यानंतर तीही आली.

मग सर्च कन्सोलमध्ये लोक काय टाइप करून आमच्याकडे येतात ते दिसू लागलं. पावडर शोधणारे होतेच, पण त्यांच्या बरोबरीनं वायगाव हळदीचं बेणं शोधणारे शेतकरी होते. बेण्याबद्दल साइटवर आमचं एक वाक्यही नव्हतं. ऑर्डरच्या वहीत ते सापडलं नाही, कारण बेणं घेणारे थेट घरी येतात. काकूंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, “मंग लिव ना वं, बेन्याचं त मले सारं माहीत हाय.” त्यांनी सांगितलं: बेणं कसं निवडायचं, साठवताना काय काळजी घ्यायची, जूनच्या पावसाआधी जमीन कशी तयार ठेवायची. त्याचं नवीन पान झालं. आता या हंगामातलं बेणं संपलंय, पण पान काढून टाकलेलं नाही. त्यावर शिल्लक नाही असं लिहिलंय, दराखालच्या संरचित माहितीतही (गुगलला वाचता यावी म्हणून कोडमध्ये मांडलेल्या माहितीत) तसंच बदललंय, आणि पुढच्या वर्षी बेणं हवं असणाऱ्यांसाठी नाव नोंदवायचा फॉर्म ठेवलाय. पत्ता तोच राहणार आहे.