आमची वाटचाल : रिकाम्या पुंगळ्यांची पारख

रायफलच्या झाडलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या गोळा करणे, त्या साफ करून तपासणे आणि स्वतःची काडतुसे पुन्हा भरणाऱ्या परवानाधारक नेमबाजांना प्रतवारी लावून देणे, एवढाच आमच्या फर्मचा व्यवसाय आहे. दारू, ती पेटवणारी बुडातली लहान टोपी म्हणजे प्रायमर, आणि गोळी यांच्याशी आमचा संबंध नाही. काडतुसाच्या चार घटकांपैकी दारू जळून जाते, प्रायमर एकदाच फुटतो आणि गोळी निघून जाते. मागे उरते ती पुंगळी, आणि तिच्या आधीच्या आयुष्यात काय घडले आहे यावरच ती पुन्हा वापरायची की नाही हे ठरते. आज हे वाक्य सहज लिहिता येते, पण ते उमगायला आम्हाला दोन वर्षे आणि एक चांगला ग्राहक खर्ची घालावा लागला.

सुरुवातीला आम्ही चकाकी विकत होतो. पोत्याने येणाऱ्या पुंगळ्या मक्याच्या कणसाच्या भुश्यात किंवा अक्रोडाच्या टरफलांच्या भरडीत घालून कंप पावणाऱ्या भांड्यात काही तास फिरवल्या, की काळपट पितळ सोन्यासारखे दिसू लागते आणि गिऱ्हाइकाचा हात आपोआप पिशवीकडे जातो. माझ्या भागीदाराने आयुष्य टूलरूममध्ये काढलेले असूनही मोजमापाची साधने त्या काळात कपाटातच राहिली, कारण चकचकीत मालाबद्दल कोणी प्रश्न विचारत नव्हते आणि आम्हीही स्वतःला विचारत नव्हतो.

मग एका जुन्या ग्राहकाने पुंगळीचा अर्धाच तुकडा परत पाठवला. गोळी झाडल्यानंतर बूड तेवढे बाहेर आले होते आणि पुढची नळी रायफलच्या चेंबरमध्येच, म्हणजे काडतूस बसते त्या पोकळीत, अडकून राहिली होती. त्याला इजा झाली नाही, हे नशीब. त्याच पिशवीतल्या आणखी पाच पुंगळ्या त्याने सोबत दिल्या होत्या आणि त्यांतल्या तिघींच्या बुडापासून साधारण एक सेंटिमीटरवर पुसट, उजळ कडे दिसत होते. ते कडे आम्ही घासून जवळजवळ घालवले होते. दोष दाखवणारी खूण पुसून मालाची किंमत वाढवण्याचा उद्योग आपण करत आहोत, हे त्या दिवशी टेबलावर ठेवलेल्या त्या तुकड्यांकडे पाहून आम्हाला कळले.

ते कडे का पडते, हे समजून घेण्यासारखे आहे. काडतूस पेटले की दाबाने पातळ भिंत फुगून चेंबरला घट्ट चिकटते आणि वायू मागे येऊ देत नाही. बूड मात्र जाड असल्यामुळे तसे चिकटत नाही आणि मागे जागा असेल तितके सरकते. भिंत पुढे धरलेली आणि बूड मागे ओढलेले, अशा स्थितीत जाड भाग संपून पातळ भिंत सुरू होते तिथे पितळ ताणले जाऊन आतून झिजते. पुन्हा भरताना साइझिंग डाय, म्हणजे फुगलेली पुंगळी दाबून मापात आणणारा साचा, जास्त खाली बसवून पुंगळीचा खांदा (नळी अरुंद होते तो उतार) गरजेपेक्षा अधिक मागे दाबला, तर ही मोकळी जागा दर वेळी नव्याने तयार होते. खांदा एक-दोन थाऊ, म्हणजे ०.०२५ ते ०.०५ मिलिमीटर मागे गेला तर हाताने बोल्ट ओढून चालवायच्या रायफलला पुरते; त्याहून जास्त दाबणाऱ्या हाताखालून आलेली पुंगळी दोन-तीनदाच झाडलेली असली तरी म्हातारी समजावी.

अडचण अशी, की बाहेरून दिसणारी प्रत्येक उजळ रेघ धोक्याची नसते, कारण डायचे तोंड जिथे थांबते तिथेही तशीच रेघ उमटते. म्हणून निवाडा आतून करावा लागतो. पोलादी तारेचे टोक काटकोनात वाकवून, धार लावून पुंगळीत घालायचे आणि बुडाकडून तोंडाकडे भिंतीला टेकवत ओढायचे. झीज असेल तर तार एका खाचेत अडखळते. हे साधन ज्याला हसावे इतके साधे आहे, पण आमच्याकडे त्याच्याइतका माल आणखी कशानेही बाद होत नाही. शंका राहिलीच, तर त्या लॉटमधील एक-दोन पुंगळ्या उभ्या चिरून भिंतीची जाडी डोळ्यांनी पाहतो. चिरलेली पुंगळी वाया जाते, याचे भागीदाराला अजूनही वाईट वाटते.

बुडाकडे दुसरी गोष्ट पाहायची ती प्रायमरच्या खणाची. मोठ्या रायफल प्रायमरचा खण सुमारे ५.३३ मिलिमीटर व्यासाचा आणि लहानाचा ४.४५ मिलिमीटरचा असतो. मर्यादेपलीकडच्या दाबाखाली बूडच पसरले, तर खण सैल होतो आणि तो पूर्ववत करण्याचा भरवशाचा उपाय नाही. गेजची ‘जाऊ नये’ ही बाजू खणात गेली, की पुंगळी भंगारात जाते. मान, म्हणजे गोळी धरणारा पुढचा अरुंद भाग, कितीही सुंदर असो. सैनिकी पुंगळ्यांत प्रायमरभोवती धातू दाबून बसवलेला असतो, तो कापून काढताना खणाची कड अति मोठी करणारे बरेच जण आहेत, आणि पहिल्या वर्षी त्यांत आम्हीही होतो. बर्डन पद्धतीच्या पुंगळ्या मात्र आम्ही घेतच नाही, कारण त्यांच्या खणात मधल्या एका छिद्राऐवजी दोन लहान छिद्रे आणि ऐरण असते, त्यामुळे नेहमीच्या सुईने जुना प्रायमर निघत नाही. गंमत अशी, की बर्डन हे अमेरिकी आणि मधल्या एका छिद्राच्या पद्धतीचे बॉक्सर हे ब्रिटिश, तरी अमेरिकेत चालते ती बॉक्सर पद्धत.

मानेची कथा वेगळी आहे. पुंगळीचे पितळ साधारण ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त असे असते आणि ते प्रत्येक फुगण्या-दाबण्यासोबत कठीण होत जाते. कठीण झालेली मान आधी गोळीवरची पकड असमान करते आणि मग उभी चिरते. चिरलेली मान हा पुंगळीचा त्यातल्या त्यात सौम्य मृत्यू आहे, आणि मान व खांदा ज्योतीवर काही सेकंद तापवून तो लांबवता येतो. बूड मात्र कधीही तापवायचे नाही, कारण दाब पेलण्यासाठी ते कठीणच असावे लागते आणि मऊ पडलेले बूड परत कठीण करण्याची सोय कोणाकडे नसते. तापवल्यावर खांद्यापर्यंत निळसर-तपकिरी झाक उरते. सैनिकी माल कारखान्यातून ती झाक तशीच घेऊन बाहेर पडतो, आणि नवख्या ग्राहकांनी असा उत्तम माल ‘जळका’ म्हणून आम्हाला परत केल्याचे प्रसंग अनेकदा आले. आता आम्ही ती झाक घासून काढत नाही; ज्याला ती नको असेल त्याने दुसरीकडून घ्यावे.

पितळाचा एक शत्रू डोळ्यांना दिसत नाही. एकोणिसाव्या शतकात भारतातील ब्रिटिश सैन्याची काडतुसे पावसाळ्यात तबेल्यांत साठवली जात आणि न झाडताच त्यांच्या पुंगळ्या तडकत. घोड्यांच्या मूत्रातून सुटणारा अमोनिया आणि ओढकामात पितळात राहून गेलेला ताण यांच्या संगनमताने हे घडते, याचा उलगडा १९२१ साली मूर, बेकिनसेल आणि मॅलिन्सन यांनी केला. म्हणून अमोनिया असलेले पितळाचे पॉलिश आमच्या आवारात येत नाही. आम्लाचे प्रकरण आम्ही स्वतःच्या हाताने शिकलो : घाईत एक लॉट रात्रभर व्हिनेगारमध्ये राहिला आणि सकाळी त्यावर गुलाबी डाग होते, म्हणजे पृष्ठभागातून जस्त निघून तांबे उरले होते. तो सबंध लॉट भंगारात गेला. धुलाईतही आता कोरड्या भुश्याऐवजी पाणी आणि पोलादी बारीक सळ्या वापरतो, कारण प्रायमरच्या अवशेषांत शिसे असते आणि त्याची धूळ कामगारांच्या श्वासात जाऊ नये.

वजनावरून प्रतवारी करावी की नाही, यावर आमच्या दोघांत अजून वाद आहे. वजन हे आतल्या आकारमानाचा अंदाज देते, असा भागीदाराचा मुद्दा. बाहेरचे माप सारखे असेल, तर जड पुंगळीत आत जागा कमी, हे बरोबरच आहे. पण पितळाची घनता पाण्याच्या सुमारे साडेआठ पट असल्यामुळे वजनात ०.८५ ग्रॅमचा फरक पडला तरच आकारमानात ०.१ घन सेंटिमीटरचा फरक पडतो, आणि बुडाच्या कडेतील व तिच्यालगतच्या खाचेतील किरकोळ फरकही वजनात मिसळतो. माझ्या मते खरे माप पाण्याचे : बूड बंद करून पुंगळी काठोकाठ भरायची आणि भरलेले पाणी तोलायचे. .३०८ विंचेस्टर या मापाच्या पुंगळीत ते साधारण साडेतीन ग्रॅमच्या थोडे वर येते. त्याच मापाच्या जाड सैनिकी पुंगळीत ते कमी भरते, म्हणून एकीसाठी ठरवलेले दारूचे माप दुसरीत तसेच घातले तर दाब वाढतो. शेवटी आम्ही बुडावर एकच कारखान्याचा शिक्का असलेल्या, एकाच वर्षाच्या पुंगळ्या वेगळ्या करतो, त्यांतल्या नमुन्यांचे पाणी मोजतो आणि वजनाची छाननी मागितली तरच करतो. मानेच्या जाडीतील फरक मात्र नळीच्या मायक्रोमीटरने न मागताही तपासतो. दीड थाऊंपेक्षा तो जास्त असेल, तर पिशवी ‘सरावासाठी’ या खालच्या प्रतीत जाते.

आता आमच्या पिशवीवर बुडावरचा शिक्का, नमुन्याचे पाणी, सर्वांत लांब पुंगळीची लांबी आणि मागील इतिहास ठाऊक आहे की नाही, एवढे लिहिलेले असते. इतिहास ठाऊक नसल्यास तसेच लिहितो, आणि त्यामुळे विक्री थोडी मंदावते.

बाद मालाबाबत एक जुनी चूक सांगायची राहिली. तारेने पकडलेल्या पुंगळ्यांच्या बुडावर आम्ही लाल रंगाचा ठिपका देत होतो आणि त्या अख्ख्याच भंगारवाल्याला देत होतो. एका वर्षाने बाहेरून विकत घेतलेल्या पोत्यात, चांगल्या घासून चकचकीत केलेल्या मालात, प्रायमरच्या खणाच्या कडेला तोच लाल रंग पुसटसा शिल्लक असलेल्या अकरा पुंगळ्या सापडल्या. दुसऱ्याच दिवशी आम्ही हाताने चालवायचा एक जुना प्रेस आणला, आणि तेव्हापासून बाद झालेली प्रत्येक पुंगळी चपटी होऊनच आमच्या दाराबाहेर जाते.