रंगारी येण्याआधीचे दिवस

गेल्या वर्षी नवरात्रात रंगकामाचा ठेकेदार मोजमापासाठी आमच्या कोथरूडच्या घरी आला, तेव्हा छटांचे पुस्तक उघडण्याआधी त्याने न्हाणीघराला लागून असलेल्या बेडरूमच्या भिंतीवर तळहात ठेवला आणि म्हणाला, "ताई, ही भिंत सुकल्याशिवाय मी लांबी, म्हणजे पुट्टी, भरणार नाही." दिवाळीपूर्वी घर रंगून व्हावे ही सासूबाईंची इच्छा होती आणि मलाही तशीच घाई होती, पण याच भिंतीचा रंग मागच्या वेळी दोन वर्षांतच फुगून पापुद्र्यांनी सुटला होता. म्हणून काम तुळशीच्या लग्नापर्यंत पुढे ढकलायचे आम्ही ठरवले.

आधी ओल कोठून येते ते शोधणे भाग होते. प्लंबरने न्हाणीघरातील जाळीचे तोंड बंद करून फरशीवर दोन इंच पाणी साठवले आणि चोवीस तास तसेच ठेवले. दुसऱ्या दिवशी बेडरूमच्या भिंतीच्या तळाशी डाग गडद झालेला दिसला, त्यामुळे दोष नळाच्या पाइपात नसून फरशीच्या झिजलेल्या सांध्यांत आहे, असे त्याचे मत पडले. ते सांधे खरवडून त्यांत नवे इपॉक्सी ग्राउट, म्हणजे पाणी न झिरपू देणारा सांधे भरायचा मसाला, भरले. आमच्या बाजूचा सुटलेला रंग आणि ठोकल्यावर पोकळ वाजणारा गिलावा मात्र लगेच काढून टाकला, कारण वरचा थर तसाच राहिला तर आतल्या ओलीला बाहेर पडायला वाट मिळत नाही. भिंतीवर पांढरा लोणा, म्हणजे ओलीबरोबर बाहेर आलेला क्षारांचा थर, आला होता. तो कोरड्या ब्रशने झाडून केरसुपलीत गोळा केला. तो पाण्याने धुऊ नये, कारण क्षार विरघळून पुन्हा भिंतीतच मुरतात, ही गोष्ट मला तेव्हा प्रथमच कळली.

भिंत सुकली की नाही हे हाताने नेमके सांगता येत नाही. त्यासाठी मी दीड फूट लांबीरुंदीचा जाड प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट बसवला आणि दुसऱ्या दिवशी काढून पाहिला. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब असतील, तर पाणी भिंतीतूनच येत आहे, असे समजावे. पहिल्या खेपेला तो तुकडा पूर्ण ओलसर निघाला, बारा दिवसांनी फक्त खालच्या कडेला थेंब होते आणि चौथ्या आठवड्यात तो कोरडा निघाला, तेव्हाच मी ठेकेदाराला तारीख कळवली. मधल्या काळात खिडक्या उघड्या ठेवून दिवसभर पंखा लावत होते.

दुसरी काळजी खिडक्यांच्या गजांची होती. इमारत 1989 ची असून गजांवर जुन्या ऑइलपेंटचे कित्येक थर चढलेले होते. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण 90 पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा) जास्त नसावे, हा नियम आपल्याकडे 2016 मध्ये अधिसूचित झाला आणि नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगांत शिसे असण्याची शक्यता धरूनच चालावे लागते. घरात माझी चार वर्षांची मुलगी आहे, आणि शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाधक असते. त्यामुळे गज कोरडे घासायचे नाहीत, दिव्याच्या ज्योतीने रंग जाळून काढायचा नाही, पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासायचे, खाली प्लास्टिक अंथरायचे आणि निघालेला चुरा पिशवीत बांधून ठेवायचा, हे मी ठेकेदाराशी आधीच बोलून घेतले. त्याने थोडी कुरकुर केली, पण ऐकले. तेवढे दिवस मुलीला आणि दम्याचा त्रास असलेल्या सासूबाईंना सातारला नणंदेकडे पाठवले. लांबी घासताना उडणारी पांढरी धूळही दम्याला वाईटच.

सातारला निघण्यापूर्वी सासूबाईंनी देवघरातील देव स्वतः तबकात घेऊन, पूजा करून, रेशमी वस्त्रात गुंडाळून बरोबर घेतले. बाकीचे घर रिकामे करण्यासाठी मला आठ दिवस लागले. एका वेळी एकच खोली रंगवायची आणि सुरुवात सर्वांत आतल्या खोलीपासून करायची, असे ठरल्यामुळे सगळे सामान एकदम हलवावे लागले नाही. लोखंडी कपाट रिकामे करून खोलीच्या मधोमध सरकवले आणि भिंतीपासून सगळीकडे तीन फूट जागा मोकळी ठेवली, म्हणजे रंगाऱ्याचा घोडा (उभे राहायची घडवंची) फिरवता येतो. कपाटावर आधी जुनी चादर आणि त्यावर प्लास्टिक घातले, कारण रंगाचे थेंब चादरीतून झिरपतात. दागिने आणि कागदपत्रे बँकेच्या लॉकरमध्ये ठेवली. खिळे उपटण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचे छायाचित्र काढले, त्यामुळे पुढे फोटो आणि घड्याळ कोठे होते याचा वाद झाला नाही. स्विचबोर्डांच्या पट्ट्या वीजपुरवठा बंद करून इलेक्ट्रिशियनकडून सोडवून घेतल्या. त्यांवर चिकटपट्टी लावली तरी कडेला रंगाची रेघ राहतेच.

स्वयंपाकघराने मात्र माझी परीक्षा पाहिली. शेगडीमागच्या भिंतीवर फोडणीच्या तेलाचा चिकट थर होता, आणि तेलकट भिंतीवर रंग धरत नाही. गरम पाण्यात कपडे धुण्याची पावडर घालून दोन वेळा घासले, मग साध्या पाण्याने पुसून पूर्ण वाळू दिले. छताच्या कोपऱ्यातील काळी बुरशी एक भाग ब्लीच आणि तीन भाग पाणी लावून काढली. ब्लीच वापरताना खिडकी उघडी हवी आणि त्यात संडास साफ करायचे आम्ल चुकूनही मिसळू नये, कारण त्यातून विषारी वायू निघतो.

छटा पुस्तकात पाहून पसंत केली होती, तरी दोन भिंतींवर दोन-दोन फुटांचे चौकोन रंगवून सकाळच्या उन्हात आणि रात्री ट्यूबलाइटखाली पाहिले. ट्यूबलाइटखाली तो पिवळा इतका हिरवट दिसला की ती छटा बदलावी लागली. सोसायटीला कामाचे अर्जपत्र दिले, दुपारी दोन ते चार घासकाम बंद ठेवायची अट मान्य केली, आणि कामगारांसाठी पाण्याचा नळ व गॅलरीतील मोकळी जागा राखून ठेवली. तुळशीची कुंडी तेवढी गच्चीवर हलवली.

सोमवारी सकाळी साडेनऊला दोघे रंगारी आले. ठेकेदाराने पुन्हा त्याच भिंतीवर हात ठेवला, खालून वरपर्यंत फिरवला आणि मग लांबीची गोणी फोडायला सांगितली.