वर्षभराचं कौतुक आणि पटसंख्येची काळजी

इंग्लंडमध्ये शाळेचं वर्ष जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात संपतं. सुट्टी लागण्याआधी आमच्या मुख्याध्यापिका पालकांना एक लांबलचक पत्र पाठवतात. वर्षभरात मुलांनी काय केलं आणि सप्टेंबरपासून शाळेत काय बदलणार, असं सगळं त्यात असतं. यंदाचं पत्र वाचताना आधी ऊर भरून आला आणि शेवटच्या पानावर काळजात चर्र झालं. म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

माझा मुलगा इयर फोरमध्ये आहे, म्हणजे आपल्याकडच्या तिसरी-चौथीच्या वयाचा. त्याची शाळा चर्च ऑफ इंग्लंडची. हे सांगितलं की नगरच्या आमच्या नातेवाइकांना वाटतं, कॉन्व्हेंट आहे, म्हणजे फी भरपूर असणार. इथे तसं नाही. फी शून्य. शिक्षकांचे पगार सरकारी पैशातून होतात, इमारत आणि जागा चर्चच्या ट्रस्टची. गरिबांच्या मुलांसाठी चर्चने १८११ साली नॅशनल सोसायटी काढून गावोगाव शाळा उघडायला सुरुवात केली. सरकारने स्वतः शाळा काढायचा कायदा केला तो १८७० मध्ये, जवळपास साठ वर्षांनी. त्यामुळे आजही इंग्लंडमधल्या सुमारे पाव प्राथमिक शाळा चर्च ऑफ इंग्लंडच्या आहेत आणि सगळ्या मिळून साधारण दहा लाख मुलं त्यांच्या शाळांत शिकतात. आमच्या शाळेत हिंदू, मुस्लिम, शीख आणि कुठलाच धर्म न मानणाऱ्या घरातलीही मुलं आहेत. रोज प्रार्थनेची सभा होते. नको असेल तर मुलाला त्यातून वगळायचा हक्क पालकांना कायद्यानेच आहे. आम्ही तो कधी वापरला नाही. माझ्या मुलाला ती गाणी आवडतात, आणि लहानपणी घरी संध्याकाळी शुभंकरोती म्हणताना मला जसं शांत वाटायचं, तसंच त्याला तिथे वाटत असावं.

पत्रात पहिलं कौतुक होतं पाढ्यांचं. इथे इयर फोरच्या प्रत्येक मुलाची जूनमध्ये पाढ्यांची सरकारी परीक्षा होते. बारापर्यंतचे पाढे, संगणकावर पंचवीस प्रश्न, प्रत्येक उत्तराला सहा सेकंद. पास-नापास काही नसतं, पण मुलं मनावर घेतात. २०२४ साली देशातल्या ३४ टक्के मुलांना पंचवीसपैकी पंचवीस मिळाले होते. आमच्या घरची तयारी माझ्या आईने व्हिडिओ कॉलवर करून घेतली. ती जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. रोज दुपारी, म्हणजे तिच्या संध्याकाळी, नातवाकडून घोकून घ्यायची. "आजी, तू खूप फास्ट म्हणतेस," अशी त्याची तक्रार, आणि "अरे, थांबू नकोस, चालीत म्हण, आपोआप येतं," हे तिचं ठरलेलं उत्तर. परीक्षेच्या आदल्या दिवशी तो पडद्यासमोर ओठातल्या ओठात "सात अठ्ठे छप्पन्न" म्हणत होता आणि बोटं पाच आणि सहाची बटणं दाबत होती. त्याच्या बाईंनाही ही चाल इतकी आवडली की त्यांनी ती अख्ख्या वर्गाला म्हणून दाखवायला लावली.

ऑक्टोबरातला हार्वेस्ट म्हणजे सुगीचा सण, नाताळचं नाटक, मेणबत्ती खोचलेली ख्रिस्टिंगलची संत्री या सगळ्याचा उल्लेख पत्रात ओळीओळीने होता. हार्वेस्टला मुलं घरून डबाबंद भाज्या, पास्ता, चहापत्ती आणतात आणि ते सगळं गावातल्या फूड बँकेत, म्हणजे गरजूंना फुकट अन्न देणाऱ्या केंद्रात जातं. यंदा देणाऱ्या काही घरांनाच पुढे फूड बँकेत जावं लागलं, असंही मुख्याध्यापिका बाईंनी लिहिलं होतं. कुणाचं नाव न घेता, पण सरळ. मला ते वाचून बाईंबद्दल फार आदर वाटला.

उन्हाळी जत्रेचं मात्र मला जरा जास्तच सांगायचं आहे. पालकांची संघटना दरवर्षी शाळेच्या मैदानात जत्रा भरवते आणि त्यातून येणारे पैसे वाचनालयाला, सहलींना जातात. आम्ही तिघी मराठी आयांनी बटाटेवड्याचा स्टॉल लावला. इथे खाण्याच्या पदार्थात ॲलर्जीचे चौदा घटक असतील तर ते सांगावेच लागतात, आणि त्या चौदांत मोहरीही आहे! आपली तर फोडणीच मोहरीशिवाय होत नाही. शेंगदाण्याची चटणी तर शाळेच्या आवारातच चालत नाही. मग आम्ही खोबऱ्याची चटणी केली, वड्याच्या भाजीला फक्त जिरं, हिंग, आलं-लसूण आणि हिरवी मिरची घातली, आणि प्रत्येक ट्रेसमोर हाताने लिहिलेली पाटी ठेवली. दुपारी दोनच्या आत वडे संपले. वडा खाल्ल्यावर चर्चचे व्हिकर, म्हणजे धर्मगुरू, पुन्हा रांगेत उभे राहिले ते आपल्या आईसाठी न्यायला.

वर्षातली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तपासणी. चर्चच्या शाळांची सरकारी तपासणी होते ती वेगळी, आणि चर्चची स्वतःची वेगळी. चर्चची ही तपासणी गुणांची नसते. शाळा ज्या मूल्यांचं नाव घेते ती रोजच्या वागण्यात उतरतात का, हे पाहतात. निरीक्षक मुलांबरोबर जेवायला बसल्या. माझा मुलगा घरी येऊन सांगत होता, "त्यांनी विचारलं, भांडण झालं तर तुम्ही काय करता. मी सांगितलं, आधी दोघांचंही ऐकून घेतात." अहवाल चांगला आला. पत्रात त्याचं श्रेय बाईंनी सगळ्यात आधी जेवणघरातल्या ताईंना आणि साफसफाई करणाऱ्या दादांना दिलं होतं.

आणि मग शेवटचं पान. सप्टेंबरपासून इयर वन आणि इयर टू एकत्र बसणार. कारण पटसंख्या.

इथे शाळेला पैसे मुलांच्या डोक्यांवर मिळतात. ऑक्टोबरच्या पहिल्या गुरुवारी शाळेत जितकी मुलं पटावर असतील, त्यावर पुढच्या वर्षाचा बराचसा निधी ठरतो. लहान मुलांच्या वर्गांत तीसपेक्षा जास्त मुलं घेता येत नाहीत. पण तीसच्या जागी वीस आली तरी शिक्षक एकच लागतो, दिवे तेच, हीटिंग तेच, आणि पैसे मात्र दहा मुलांचे कमी. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१२ साली सुमारे सात लाख तीस हजार बाळं जन्मली होती. २०२३ मध्ये पाच लाख एक्क्याण्णव हजार, १९७७ नंतरचा सगळ्यात कमी आकडा. ती बाळं शाळेच्या दारात यायची आहेत अजून. लंडनमध्ये तर यामुळे शाळा बंद होत आहेत, एकमेकींत विलीन होत आहेत. त्यात आमची शाळा चर्चच्या शाळांमधल्या अशा प्रकारची, की इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीचा दहा टक्के खर्च शाळेच्या नियामक मंडळाने उभा करायचा असतो. हॉलचं छप्पर गळतं आहे. वड्यांच्या पैशांतून छप्पर होत नाही.

दोन इयत्ता एकत्र म्हटल्यावर पालकांच्या ग्रुपवर घबराट झाली. मी आईला फोन केला. ती म्हणाली, "अगं, मी पहिली ते चौथी एका खोलीत शिकवली. चौथीच्या पोरी पहिलीला मुळाक्षरं गिरवून घ्यायच्या. पोरं शिकतात. शाळा गावात राहिली पाहिजे." तिची काळजी वेगळी होती. आपल्याकडे २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचा विचार सरकारने मांडला, तेव्हा ती रात्रभर झोपली नव्हती. लांबच्या शाळेत पोरींना कोण पाठवणार, हाच तिचा प्रश्न होता.

एकत्र वर्गाची मला भीती वाटत नाही. चांगला शिक्षक आणि हाताशी एक मदतनीस असेल तर तो वर्ग उत्तम चालतो. मला राग येतो तो या हिशोबाचा. मुलं कमी झाली तर प्रत्येक मुलाला जास्त वेळ मिळावा. उलट इथे मदतनिसांचेच तास आधी कापले जातात. आमच्या शाळेत बोलायला उशिरा लागलेली दोन मुलं त्या मदतनीस बाईंच्या भरवशावर इथवर आली आहेत. मी नियामक मंडळाच्या पालक-प्रतिनिधींना हे लेखी कळवलं आहे, आणि सप्टेंबरच्या बैठकीत बोलणारही आहे.

पुढच्या योजनेत एक गोष्ट आमच्या हातातली आहे. गावाबाहेर नवी घरं झाली आहेत आणि त्यात बरीच भारतीय कुटुंबं आली आहेत. चर्चची शाळा म्हणून ती आमच्याकडे फिरकतही नाहीत. नियम असा, की अर्ज जागांपेक्षा जास्त आले तरच चर्चला जाणाऱ्या घरांना आधी घेता येतं. जागा रिकामी असेल तर शाळेला कुठल्याही मुलाला नाही म्हणता येत नाही. ऑक्टोबरमध्ये नव्या पालकांना शाळा दाखवतात, त्या दिवसांत दाराशी उभं राहून मराठी, हिंदी, गुजरातीत सगळं समजावून सांगायचं काम आम्ही तिघींनी घेतलं आहे. पुढच्या सप्टेंबरच्या प्रवेशासाठी अर्जाची शेवटची तारीख १५ जानेवारी. तुमच्यापैकी कुणाची भाची, पुतण्या चार वर्षांचं मूल घेऊन इंग्लंडमध्ये नव्याने आला असेल, तर त्यांना एवढं नक्की कळवा: घराजवळची चर्चची शाळा आधी आत जाऊन बघा, आणि मग ठरवा.