आग्वादचा किल्ला आणि डच

आज गोव्यात, मांडवी नदीच्या मुखाशी असलेल्या आग्वादला गेलो होतो. गर्दी सगळी दीपगृहाच्या फोटोंसाठी. १६१२ साली पोर्तुगिजांनी हा किल्ला बांधला तो मुख्यतः डचांच्या धास्तीने.

किल्ला दोन पातळ्यांवर आहे. खालचा तोफमारा जवळजवळ पाण्यालगत, कारण तिथून आडवा सुटलेला गोळा जहाजाच्या कुशीत बसतो. उंचावरून मारा लांब जातो, पण तोफेचं तोंड फार खाली झुकवलं की गोळाच नळीतून घरंगळतो. मात्र डोंगरमाथा शत्रूच्या हाती गेला तर खालचे तोफची आयतेच टिपले जाणार. म्हणून वर जांभ्याचा कोट, भोवती कोरडा खंदक.

खरी करामत मात्र वरच्या टाक्याची. १६ खांब, सुमारे २३ लाख ७६ हजार गॅलन पाणी! वेढ्यात दारूगोळ्याआधी पाणीच संपतं, आणि लिस्बनच्या गलबतांनाही इथूनच पाणी मिळे.

डचांनी मग मांडवीत घुसायचा नाद सोडून १६३६ पासून मोसमामोसमाला बाहेर समुद्रातच नाकाबंदी केली. १६३९ मध्ये तर दक्षिणेला जुवारीच्या मुखाशी असलेल्या मुरगाव बंदरात शिरून तीन गॅलियन, म्हणजे मोठी लढाऊ जहाजं, जाळली. आग्वादच्या तोफा तिथवर पोचणार कशा?