बाबा, बाण आणि वेताळ टेकडी

आईचा फोनवरचा एक प्रश्न ठरलेला असतो, "शनिवार-रविवार काय करता गं तिकडे?" आणि गेली चार वर्षं माझं उत्तरही एकच आहे, "डबे शोधतो." ती "बरं" म्हणते आणि जेवणाचं विचारते. यंदा डिसेंबरात तीन आठवडे कोथरूडला होते, तेव्हा ठरवूनच आले होते की हे डबे शोधणं काय असतं ते दोघांना दाखवायचंच. बॅगेत बदामांच्या पिशवीखाली माझं जुनं गार्मिन ईट्रेक्स २०, म्हणजे आपली जागा दाखवणारं हातातलं जीपीएस यंत्र, ठेवलं होतं. साबणाच्या वडीपेक्षा थोडं मोठं, दोन पेन्सिल सेलवर चालणारं.

आम्ही ओरेगनमध्ये, पोर्टलंडजवळ राहतो. डबे शोधण्याचा हा खेळ, म्हणजे जिओकॅशिंग, जिथे सुरू झाला ते बीव्हरक्रीक आमच्या घरापासून गाडीने तासाभराच्या आत आहे. २००० सालापर्यंत अमेरिकी लष्कर सामान्य लोकांना मिळणाऱ्या जीपीएस सिग्नलमध्ये मुद्दाम चूक मिसळत असे, त्यामुळे तुमची जागा शंभरेक मीटर इकडेतिकडे दिसायची. १ मे २००० रोजी, म्हणजे आपल्या महाराष्ट्र दिनी, अध्यक्ष क्लिंटन यांनी ही मिसळ बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि त्याच मध्यरात्री जगभरची यंत्रं एकदम शहाणी झाली. ३ मे रोजी डेव्ह उल्मर नावाच्या माणसाने बीव्हरक्रीकच्या रानात एक काळी बादली ठेवली. तिच्यात पुस्तकं, थोडे पैसे, एक वही-पेन्सिल आणि चक्क शिजवलेल्या घेवड्याचा एक टिनचा डबा होता. मग त्याने त्या जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले: उत्तर ४५° १७.४६०', पश्चिम १२२° २४.८००'. नियम साधा होता. शोधा, काही घ्या, काही ठेवा, वहीत लिहा. आज असे तीस लाखांहून जास्त डबे जगभर लपवलेले आहेत. त्यांना ‘कॅश’ म्हणतात, पण आमच्या घरात पहिल्या दिवसापासून ‘डबा’च.

तिकडे हिवाळ्यात सतत पाऊस. पन्नास-साठ मीटर उंच फरची झाडं, खाली गुडघाभर नेचे, खोडांवर हिरवं मखमली शेवाळं. पहिला डबा शोधताना आम्ही फोनवर विसंबलो होतो. थंडीने बॅटरी भराभर उतरली, ओल्या बोटांना स्क्रीन दाद देईना आणि रानात फोन बंद पडला. त्या आठवड्यात हे यंत्र घेतलं. दोन सेलवर ते पंचवीस तास चालतं, सेल संपले तर खिशातले दुसरे घालायचे. पाण्यात पडलं तरी चालतं, हातमोजे घालूनही त्याची बटणं दाबता येतात आणि भर उन्हात स्क्रीन उलट जास्त स्पष्ट दिसतो. फोनमध्येही जीपीएस असतं आणि शहरातल्या डब्यांना ते पुरतं. पण दिवसभर रानात राहायचं असेल, तर मी आजही हेच नेते.

याची एक सवय मात्र शिकून घ्यावी लागते. ईट्रेक्स २० मध्ये चुंबकीय होकायंत्र नाही. तुमचं तोंड कुठे आहे हे ते तुमच्या चालण्यावरून ओळखतं. म्हणजे तुम्ही चालत असाल तर बाण अचूक दिशा दाखवतो, उभे राहिलात की तो गोंधळतो, कधी झाडाकडे तर कधी तुमच्याकडेच वळतो. नवखी माणसं उभी राहून बाणाकडे बघत बसतात. खरं तर दहा पावलं सरळ चालायचं, बाण बघायचा, आणि डब्यापर्यंतच्या अंतराचा आकडा आठ-दहा मीटरवर आला की यंत्र खिशात ठेवून द्यायचं. मोकळ्या आकाशाखाली त्याची चूक तीन ते पाच मीटर असते. दाट झाडीत, कड्याजवळ सिग्नल खडकावरून आपटून येतो आणि ती सहज दहा-पंधरावर जाते. तिथून पुढे डोळे. ओंडक्यावरच्या काटक्या जरा जास्तच नीट रचलेल्या दिसतात का? दगडाखालचं शेवाळं उचकटलेलं आहे का? माझा मुलगा सात वर्षांचा असताना हे माझ्याआधी ओळखायला लागला होता.

तर कोथरूड. पहिल्या दिवशी आई म्हणाली, "हे मोबाइलमध्ये असतंच की." बाबांनी मात्र यंत्र हातात घेऊन चष्मा वर सरकवला. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. उमेदीची वर्षं त्यांनी डंपी लेव्हल, साखळी आणि प्लेन टेबल ही मोजणीची साधनं घेऊन कालव्यांच्या आखणीवर काढली. मी समजावत होते, की वीस हजार किलोमीटरवरून उपग्रह फिरतात, प्रत्येकाचा सिग्नल यायला किती वेळ लागला त्यावरून त्याचं अंतर कळतं, आणि अशी किमान चार अंतरं मिळाली की आपली जागा पक्की होते. बाबांनी मला मध्येच थांबवलं. "म्हणजे रिसेक्शन. आम्ही तीन ओळखीच्या खुणांकडे नेम धरून टेबलावर आपला बिंदू काढायचो. तुम्ही कोन सोडले आणि अंतरं घेतली. आणि तुमच्या खुणा हलत्या आहेत." मग जरा थांबून म्हणाले, "चौथा कशाला?" चौथा घड्याळासाठी, मी सांगितलं. उपग्रहात अणुघड्याळ असतं, यंत्रात साधं; त्या साध्या घड्याळाची चूक काढायला चौथं अंतर लागतं. बाबांचा चेहरा असा खुललेला मी कितीतरी वर्षांनी पाहिला.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही वेताळ टेकडीवर. बाबा तिथे तीस वर्षं रोज फिरायला जातात. बेत असा होता की आई आणि माझा अकरा वर्षांचा भाचा पुढे जाऊन एक डबा लपवतील, फोनवरून आकडे कळवतील, आणि मी, माझा मुलगा व बाबा तो शोधू. डबा म्हणजे बडीशेपेचा स्टीलचा, आत वही, छोटी पेन्सिल आणि चार लिमलेटच्या गोळ्या. खेळ झाला की डबा परत आणायचा, हेही ठरलेलं. आईने भाच्याला ‘च’च्या भाषेत इशारा द्यायला सांगितलं होतं. तिकडेही डब्याची हिंट अशीच लपवलेली असते: इंग्रजी अक्षरं तेरा घरं पुढे सरकवून लिहितात, म्हणजे ज्याला नको असेल त्याला चुकून वाचली जाऊ नये.

आकडे आले. बाबांनी स्वतः यंत्रात भरले, आणि बाण दक्षिणेला. आम्ही गिरिपुष्पाच्या झाडीतून, निवडुंग चुकवत, खाणीच्या बाजूने निघालो. आकडा शून्यावर आला तिथे नुसतं वाळलेलं गवत. दगड उचलून पाहिले, झाडाच्या ढोली पाहिल्या. वीस मिनिटं गेली. मुलगा म्हणाला, "आजी इतकं अवघड लपवणारच नाही." तेव्हा बाबा एका दगडावर बसले, खिशातली डायरी काढली आणि आईचा मेसेज परत वाचला. तिच्या फोनने जागा अंश, मिनिट आणि सेकंदात दाखवली होती: १८° ३१' २५". बाबांनी यंत्रात भरलं होतं १८° ३१.२५०'. या खेळात मिनिटांचा दशांश चालतो, सेकंद नाहीत, हे मी सांगायचं राहून गेलं होतं. बाबांनी डायरीत भागाकार केला. २५ भागिले ६०, म्हणजे ०.४१७. अक्षांशाचं एक मिनिट १,८५२ मीटर. फरक १६७ सहस्रांश. "तीनशे नऊ मीटर उत्तरेला," ते उठतच म्हणाले. रेखांशही तसाच सुधारला आणि आम्ही परत फिरलो.

डबा काळ्या कातळाच्या एका कपारीत होता, पुढे पळसाची चार वाळकी पानं टेकवून ठेवलेली. बाबांना तो माझ्या मुलाच्या आधी दिसला. त्यांनी वहीत तारीख, वेळ, चूक आणि दुरुस्ती असं सगळं लिहिलं, अगदी फील्डबुकात लिहावं तसं. मग गोळी तोंडात टाकली.

घरी येताना त्यांनी रेखांशाचंही गणित मांडलं, ते मला इतकं आवडलं की इथे देतेच. रेखावृत्तं ध्रुवाकडे जवळ येत जातात. त्यामुळे शेवटचा आकडा एकने बदलला, म्हणजे मिनिटाचा एक सहस्रांश, की पुण्यात तुम्ही पूर्व-पश्चिम पावणेदोन मीटर सरकता. ओरेगनमध्ये तोच आकडा फक्त एक मीटर तीस सेंटिमीटर. चार वर्षं मी ते आकडे बघते आहे, पण माझं रेखांशाचं पाऊल माहेरी जास्त लांब पडतं हे मला बाबांनी सांगितलं.

मग साहजिकच प्रश्न आला: आपल्या टेकडीवर कायमचा डबा ठेवायचा का? मुलगा आणि भाचा एका पायावर तयार. आई मात्र ठाम "नाही" म्हणाली, आणि ती बरोबर आहे असं मला वाटतं. जर्मन बेकरीचा स्फोट फेब्रुवारी २०१० मधला, जंगली महाराज रस्त्यावरचे स्फोट ऑगस्ट २०१२ मधले. बेवारस वस्तूला हात लावू नका हे या शहरातल्या मुलांनी बसमध्ये, स्टेशनवर ऐकत मोठं व्हायचं आणि आपण झुडपात स्टीलचा डबा दडवून ठेवायचा, हे बरं नाही. कोणी भलत्याच संशयाने पोलिसांना बोलावलं तर त्यांचाही दिवस वाया जाईल. शिवाय पुण्याच्या आजूबाजूला लष्कराच्या जागा किती! तिकडेही शाळा, रेल्वेमार्ग, लष्करी हद्द यांच्या आसपास डबा ठेवू देत नाहीत, जागेच्या मालकाच्या परवानगीशिवाय डबा पुरता येत नाही, आणि दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर लागतं. आणखी एक नियम माझ्याच विरोधात होता: सुट्टीला आलेल्या पाहुण्याने डबा ठेवून निघून जायचं नाही. डबा फुटला, भिजला तर बघायला जवळ राहणारं माणूस हवं.

पण या खेळात डबा नसलेलाही एक प्रकार आहे, अर्थकॅश. २००४ साली अमेरिकेच्या भूवैज्ञानिक संस्थेबरोबर तो सुरू झाला. त्यात वही नाही, पेन्सिल नाही, झाकण नाही. जागेच्या मालकाची परवानगी घ्यायची, अक्षांश-रेखांश द्यायचे, तिथल्या भूगर्भाची गोष्ट सांगायची आणि प्रत्यक्ष तिथे उभं राहिल्याशिवाय उत्तर देता येणार नाही असे प्रश्न विचारायचे. येणारा उत्तरं पाठवतो. मागे काही उरत नाही.

आणि आपल्या पायाखाली काय आहे याचा विचार करा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरत गेले आणि त्यातून दख्खनचं पठार झालं. पाताळेश्वर ज्या कातळात कोरलं तो हाच, सिंहगडाचे कडे हेच, आपल्या वाड्यांची जोती याच दगडाची. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या, पुढे त्यांत पाण्यातून आलेली खनिजं साठली. काळ्या दगडात पांढरे ठिपके दिसतात ते हे. वाघोलीच्या खाणीतला निळाशार कॅव्हन्साइट अशाच पोकळ्यांत सापडला आणि जगभरच्या संग्रहालयांत गेला. मी त्या टेकडीवर शाळेपासून चढते आहे. त्या दिवशी डबा काढताना कपारीच्या कडेला पहिल्यांदा तळहात टेकवला, तर तिथे दाण्याएवढे, हरभऱ्याएवढे पांढरे ठिपके होते, उन्हात एकदोन चमकत होते. बाबांनी किल्लीच्या टोकाने एकाला हलकेच हात लावला आणि म्हणाले, "कालव्याच्या खोदाईत हे पोत्याने निघायचे. आम्ही भरावात टाकायचो."

जाता जाता एक सूचना, तिकडून येणाऱ्यांसाठी. आजकाल काही हातातल्या जीपीएस यंत्रांतून उपग्रहामार्फत मेसेजही पाठवता येतो. तिकडच्या डोंगरांत ते जीव वाचवतं, पण भारतात उपग्रहावरून संपर्क साधणारी यंत्रं विनापरवाना आणता येत नाहीत आणि विमानतळावर लोक अडकले आहेत. माझ्याकडे असलं एक आहे, ते मी घरीच ठेवून आले.

ईट्रेक्स मात्र बाबांकडे ठेवून परतले. त्यात एक सोय आहे: एकाच जागेचं मोजमाप पुन्हा पुन्हा घेऊन सरासरी काढता येते. मध्ये वेळ गेला की उपग्रहांची आकाशातली मांडणी बदललेली असते, म्हणून वेगवेगळ्या वेळी घेतलेली चार मोजमापं एकदम घेतलेल्या चाळीसपेक्षा चांगली. बाबा आता रोज फिरायला जाताना ते घेऊन जातात. परवानगीसाठी त्यांनी अर्ज लिहिला आहे, फुलस्केप कागदावर, स्वतःच्या अक्षरात, सोबत कपारीचा हाताने काढलेला नकाशा.

काल रात्री त्यांचा मेसेज आला. अक्षांशाचे शेवटचे तीन आकडे, चार दिवसांचे: ४१७, ४१९, ४१६, ४१७. खाली प्रश्नांचा कच्चा मसुदा. त्यातला पहिला असा: "कातळावर आपली वीत टेकवा. वितीएवढ्या जागेत पांढरे ठिपके किती, ते मोजून लिहा. वीत किती सेंटिमीटरची, तेही लिहा." आई सांगत होती की त्यांनी आधी तिला मोजायला लावलं, मग भाच्याला, आणि दोघांच्या वितींचं माप डायरीत लिहून ठेवलं आहे. माझ्या मुलाचं माप त्यांना उद्यापर्यंत हवंय.