बीदरमध्ये फारसी नेमकी कुठे बघायची

बीदरला गेलं की आधी महमूद गवानच्या मदरशासमोर उभं करतात आणि वरच्या निळ्या-पांढऱ्या अक्षरांकडे बोट दाखवून सांगतात, "ही फारसी." ती फारसी नव्हे. दर्शनी भागावरची मोठी पट्टी कुराणातली, म्हणजे अरबी. लिपी एकच असल्याने घोळ होतो. प, च, ग ही खास फारसी अक्षरं शोधून उलगडा होईल असं वाटतं, पण जुन्या शिलालेखांत गाफची वरची रेघ बहुधा गाळलेली असते, त्यामुळे ग आणि क सारखेच दिसतात. त्यापेक्षा 'अस्त', 'अज', 'रा' असे सुटे शब्द शोधावेत. ते दिसले की फारसी.

इमारत मात्र पुरती इराणी वळणाची. गवान इराणातल्या गीलानचा, 1453 मध्ये दाभोळ बंदरात उतरलेला व्यापारी. पुढे बहमनींचा वजीर झाला, आणि 1472 च्या सुमारास हा मदरसा बांधून झाला. मधे चौक, चारही बाजूंना मधोमध उंच कमानीचं दालन, ही मांडणी खुरासानातली. 17व्या शतकाच्या शेवटी दारूगोळ्याचा स्फोट झाला. त्यात पुढच्या भागाची मोठी पडझड झाली, दोनपैकी एकच मिनार उरला. भिंतींवरच्या रंगीत फरशा चुन्यावर बसवलेल्या आहेत. मागे पाणी मुरलं की पापुद्रा सुटतो, म्हणून मिनारावरची नागमोडी नक्षी आता तुकड्यातुकड्यांतच दिसते.

दख्खनेत फारसी पसरली ती मुख्यतः कारकुनांच्या लेखणीतून, असं माझं मत. गवानने पत्रलेखनावर 'मनाझिरुल इन्शा' हा ग्रंथ लिहिला. त्याच गवानची मान 1481 मध्ये एका बनावट पत्रामुळे गेली: कोऱ्या कागदावर त्याचा शिक्का मिळवून वर मजकूर लिहिला गेला. आपले दप्तर, तारीख, फडणीस, चिटणीस हे शब्द याच दरबारी कागदांच्या वाटेने आले.

खरी फारसी बघायची तर शहराबाहेर अष्टूरला जावं. बहमनी सुलतान अहमदशाह वलीच्या कबरीत घुमटाखाली सोनेरी अक्षरांत इराणातल्या किरमानच्या शाह निअमतुल्लाह या सूफी संताचे फारसी शेर आहेत. आत काळोख असतो, विजेरी न्यावी आणि उजेड भिंतीला तिरका धरावा. समोरून धरला तर सोनेरी रंग नुसता चकाकतो, अक्षर उठत नाही. किल्ल्यातल्या रंगीन महालात काळ्या दगडात शिंपला जडवून शेर कोरलेत, पण तो बहुधा कुलूपबंद असतो. किल्ल्यातल्या पुरातत्त्व कचेरीत आधी विचारावं.

शेवटी बीदरलगतचं नौबाद. तिथला कारेझ म्हणजे इराणी पद्धतीचा भूमिगत पाट. बीदरचं पठार जांभ्या दगडाचं. पाणी त्यातून झिरपतं आणि खालच्या घट्ट काळ्या खडकावर अडतं. या सांध्यालगत अगदी हलक्या उताराचा बोगदा खणतात, आणि वरून ठरावीक अंतराने उभी विवरं पाडतात. खणताना माती त्यांतूनच वर काढायची, हवा त्यांतूनच, पुढे गाळही त्यांतूनच. उतार जास्त झाला तर पाणी बोगद्याचा तळ खरवडतं, कमी झाला तर गाळ बसतो. विवरांत कचरा टाकला किंवा त्यांवर घरं उठली की गाळ काढायची वाटच बंद होते, आणि बोगदा शाबूत असूनही पाट हळूहळू तुंबतो. मदरशाभोवती गर्दी असते; इथे विवराच्या तोंडाशी बहुतेक वेळा कोणीच नसतं.