उंबरठ्यावरचा गारवा

एप्रिलच्या दुपारी सोलापूरच्या नवी पेठेतून चालताना कोणत्या दुकानात एसी आहे, हे पाटी न वाचता पायांनाच कळते. पारा 42 अंशांच्या आसपास असतो, टोपीखालून घामाचा ओघळ कानामागे उतरत असतो आणि एकाएकी घोट्यांवरून गार झुळूक सरकून जाते. चेहऱ्याला मात्र झळाच लागत असतात. थंड हवा जड, म्हणून ती उघड्या दाराच्या तळाने रस्त्यावर सांडते आणि तिची जागा घ्यायला तापलेली हवा दाराच्या वरच्या अंगाने आत शिरते. हे विज्ञान त्या रस्त्यावरच्या एका तांबूस कुत्र्याला माझ्यापेक्षा चांगले अवगत आहे. एका साड्यांच्या दुकानाच्या सर्वांत वरच्या पायरीवर, उंबरठ्यापासून वीतभर अंतरावर, पोट फरशीला टेकवून ते दुपारभर निजलेले असते.

याच दुकानात पुतणीच्या साखरपुड्याच्या साड्या घेताना मी दीड तास बसलो होतो. साड्यांतले मला काही कळत नसल्यामुळे मी भिंतीवरचे एसी मोजले. दोन-दोन टनांचे तीन होते आणि तिघांवरही 18 आकडा दिसत होता. काचेचे जाड दार दगड लावून सताड उघडे ठेवलेले. न राहवून मी म्हटले, “मालक, दार लावून घेतलं तर बिल कमी येईल की.” मालकांनी घडी मोडलेली साडी पुन्हा घालता घालता उत्तर दिले, “दार लावलं की गिऱ्हाईक पुढं जातंय बघा सर. काच ढकलून आत यायला माणूस बिचकतंय. वाटतंय, आत गेलं की घ्यावंच लागंल.”

उत्तर धंद्याचे असले तरी त्यात एक जुना रिवाज दडलेला आहे, असे मला घरी येताना वाटू लागले. आमच्या लहानपणी दुकानाला दिवसा दार असे नव्हतेच. सकाळी आकडे घातलेल्या फळ्या एकेक करून काढायच्या, त्या भिंतीला टेकवून ठेवायच्या आणि रस्त्यावर पाण्याचा सडा मारायचा, की दुकान आणि रस्ता एक झाले. गिऱ्हाईक पायरीवर टेकायचे, मालक गादीवर लोडाला रेलून बसायचे आणि मधे फक्त कापडाचे तागे असायचे. भर दिवसा फळ्या लागलेल्या दिसल्या, तर कोणी गेले की काय, अशी चौकशी व्हायची. आणि दिवेलागणीला तर घरचेही दार लावू देत नसत, कारण ती लक्ष्मीची वेळ. पुढे फळ्या गेल्या, शटर आले, काच आली, एसी आला. पण दिवसा दुकानाचे दार बंद असू शकते, ही गोष्ट मनाला पटायची राहून गेली.

एसीच्या टनाचा आणि त्याच्या वजनाचा संबंध नसतो. एक टन बर्फ 24 तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता बाहेर काढण्याची ताकद म्हणजे एक टन. तो टन अमेरिकी मापाचा, म्हणजे सुमारे 907 किलोंचा. त्या हिशोबाने मालकांचे सहा टन दहा तास पूर्ण जोराने चालले, तर सुमारे सव्वादोन हजार किलो बर्फाचे काम होते. एवढ्या बर्फाच्या लाद्या कोणी पेठेच्या मधोमध वितळायला ठेवल्या, तर लोक त्याला वेड्यात काढतील. हवा दिसत नाही म्हणून सगळे निभावते.

आतून काढलेली उष्णता नाहीशी होत नाही, हे मागच्या बोळात बसणाऱ्या रफूवाल्याला विचारावे. एसीची बाहेरची तिन्ही यंत्रे त्याच्या डोक्यावर आहेत. पुढच्या दारी कुत्र्याला गारवा, मागच्या दारी त्याला भट्टी. शिवाय ही वीज बहुतांशी कोळशाची. औष्णिक केंद्रात एका युनिटमागे साधारण 600 ते 700 ग्रॅम कोळसा जळतो. आमच्या शहराजवळच एनटीपीसी या सरकारी वीज कंपनीचे 1320 मेगावॅटचे केंद्र उभे आहे आणि त्याला पाणी उजनी धरणाचे लागते. नळाला रोज पाणी न येणाऱ्या गावात उजनीचे नाव काढले की माणूस आपोआप गंभीर होतो, म्हणून तो विषय इथेच सोडतो.

थंड मुलुखांत हाच घोळ उलट्या बाजूने चालतो. तिथे दुकान तापवतात आणि ऊब रस्त्यावर सोडतात. युक्रेनच्या युद्धामुळे 2022 मध्ये गॅसची चणचण भासली, तेव्हा फ्रान्सने एसी किंवा हीटर चालू असताना दुकानाचे दार उघडे ठेवण्यास मनाई करून 750 युरोपर्यंत दंड ठेवला. स्पेनने त्याच वर्षी दुकाने आणि कचेऱ्यांना हिवाळ्यात 19 अंशांच्या वर तापवू नये आणि उन्हाळ्यात 27 अंशांच्या खाली गार करू नये, असा नियम केला. आपल्याकडे जानेवारी 2020 पासून वीजबचतीचे स्टार लेबल असलेला नवा एसी सुरू होताना 24 अंशांवर असावा, असे ठरले आहे. पुढे रिमोट कोणाच्या हातात, हा प्रश्न उरतोच.

गंमत अशी, की बंद दाराची किंमत सोलापूरला कळत नाही असे नाही. माझे आजोबा कापड गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या विभागात होते. कोरड्या हवेत सुती धागा तटातट तुटतो, म्हणून तिथे हवेत पाण्याचा फवारा सोडलेला असे आणि दारे-खिडक्या मिटलेल्या असत. कोणी दार उघडे टाकून आत आला, तर अख्खे खाते त्याच्यावर ओरडे, असे ते सांगत. घरातही “दार लाव, सूत तुटतंय” हे त्यांचे पालुपद होते, जरी आमच्या घरात सूत म्हणून वातीपुरतेच होते.

परवा ब्लाउजपीस बदलायला गेलो, तेव्हा दुकानाचे दार लागलेले होते. दार लावण्याचा माझा सल्ला मालकांनी मनावर घेतला, या समजुतीत मी दोन मिनिटे सुखात होतो. पण रस्त्याच्या खोदकामाची धूळ आत येऊन पांढऱ्या साड्या मळू लागल्या, हे खरे कारण निघाले. गिऱ्हाईक बिचकू नये म्हणून दारात एक पोरगा उभा केला आहे. कोणी नुसते घुटमळले तरी तो काच ओढून “या ताई, नुसतं बघून जावा” म्हणतो. पायरी मोकळी होती. तांबूस कुत्रे दोन दुकाने सोडून, चपलांच्या शोरूमसमोर, उंबरठ्यापासून वीतभर अंतरावर निजले होते.